प्रयोगशाळेतल्या किडनीची वाट पाहायची का?

पत्र असं आहे:

"माझा धाकटा भाऊ ४१ वर्षांचा आहे. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात, आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. आमचा रक्तगट जुळतो, क्रॉसमॅच (त्याचं रक्त माझ्या पेशींवर हल्ला करतं का, ही तपासणी) ठीक आली, माझ्या बाकीच्या तपासण्याही चांगल्या निघाल्या. किडनी द्यायला मी मनापासून तयार आहे. पण तोच ऐकत नाही. त्याने मला एक व्हिडिओ दाखवला. त्यात एक डॉक्टर मंचावर थ्रीडी प्रिंटरमधून निघालेली गुलाबी किडनी हातात धरून दाखवतात, आणि मग एक तरुण येऊन आपण कसे बरे झालो ते सांगतो. भाऊ म्हणतो, 'ताई, दोन-चार वर्षांत माझ्याच पेशींची किडनी मिळेल. आयुष्यभर गोळ्याही नकोत. मग तुला कापायचं कशाला?' आता त्याला कुणीतरी मूलपेशींच्या इंजेक्शनांचंही सुचवलंय. हे खरंच येणार आहे का? कधी? आणि मी आत्ता किडनी दिली आणि पुढे ती प्रयोगशाळेतली निघाली, तर माझ्यामुळे त्याची संधी हुकेल का? — एक मोठी बहीण"

ताई,

आधी उत्तर देते, कारणं मागाहून. भावाने प्रयोगशाळेतल्या किडनीसाठी थांबू नये. दोन-चार वर्षांत ती येणार नाही. पाच वर्षांत येईल असंही या क्षेत्रात काम करणारं कुणी जबाबदार माणूस छातीठोकपणे सांगणार नाही. आणि तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आहे, त्याची संधी तुमच्यामुळे हुकत नाही. त्यावर शेवटी नीट लिहिते.

मी किडनीची डॉक्टर नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. शरीरात राहू शकतील असे पदार्थ बनवायचे आणि त्यांच्यावर पेशी वाढवायच्या, हे माझं काम. ऑपरेशन करावं की नाही हे तुमच्या नेफ्रॉलॉजिस्टच्या खोलीत ठरेल. पण प्रयोगशाळेत काय शिजतंय आणि ते किती कच्चं आहे, हा प्रश्न माझ्या अंगणातला आहे.

तुम्ही वर्णन केलेला व्हिडिओ मला ओळखीचा वाटतो. ते बहुधा वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या अँथनी अटाला यांचं मार्च २०११ मधलं टेडचं व्याख्यान असावं. तारीख पुन्हा वाचा, २०११. ते पाहून ज्यांनी त्या वेळी 'दोन-चार वर्षं थांबू' असं ठरवलं असेल, त्यांची दोन-चार वर्षं कधीच उलटून गेली. अटालांच्या हातात होती ती किडनीच्या आकाराची, पेशी मिसळलेल्या जेलची प्राथमिक रचना होती. तिच्यात रक्तवाहिन्या नव्हत्या, गाळण्या नव्हत्या, ती लघवी तयार करत नव्हती. आणि बोलायला आलेल्या त्या तरुणाच्या पोटात प्रिंट केलेली किडनी मुळीच नव्हती. लहानपणी त्याच्यावर मूत्राशयाची शस्त्रक्रिया झाली होती, त्याच्याच पेशींपासून वाढवलेल्या मूत्राशयाची. एकाच मंचावर दोन्ही गोष्टी आल्या, आणि पुढे तुकडे कापून फिरवणाऱ्यांनी या मुलाला त्या किडनीशी जोडून टाकलं. अटाला भोंदू नाहीत, या विषयातलं ते मोठं नाव आहे. काम व्याख्यानातून व्हॉट्सअ‍ॅपवर पोचेपर्यंत त्याचं काय होतं, एवढंच मला दाखवायचंय.

आता मूत्राशय जमलं तर किडनी का नाही, हे भावाला कळलं की अर्धं काम होईल. त्यामुळे इथे जरा रेंगाळते.

'ऊती अभियांत्रिकी' हे नाव सर्वतोमुखी झालं ते १९९३ मध्ये, रॉबर्ट लँगर आणि जोसेफ व्हकँटी यांच्या 'सायन्स'मधल्या लेखामुळे. कृती ऐकायला सरळ आहे. रुग्णाच्या थोड्या पेशी घ्यायच्या, त्यांची संख्या वाढवायची, त्यांना बसायला एक सच्छिद्र सांगाडा द्यायचा, ज्याला आम्ही स्कॅफोल्ड म्हणतो, आणि ऊबदार पोषक द्रवात ते वाढू द्यायचं. सांगाडा बहुतेक वेळा कोलॅजनचा असतो, नाहीतर विरघळणारे टाके ज्या पॉलिमरचे असतात त्याच जातीचा. पेशी आपलं जाळं विणत जातात आणि सांगाडा हळूहळू विरून जातो.

यात सगळ्यात आधी यश आलं ते कातडीत. हॉवर्ड ग्रीन आणि जेम्स राइनवॉल्ड यांनी १९७५ मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशी बशीत वाढवण्याची पद्धत दाखवली. १९८३ मध्ये जवळजवळ सगळं अंग भाजलेल्या दोन लहान भावांना त्याच पद्धतीने वाढवलेल्या त्यांच्याच त्वचेने वाचवलं. २०१७ मध्ये तर जर्मनीत एका सात वर्षांच्या मुलाची सुमारे ८० टक्के बाह्यत्वचा बदलल्याचं प्रसिद्ध झालं. त्याला जन्मजात आजार होता, जरा घासलं तरी कातडी सुटून यायची. पेशींमधला जनुकीय दोष दुरुस्त करून तिचे तुकडे वाढवले आणि अंगावर लावले. गुडघ्यातल्या कूर्चेचंही तसंच. स्वीडनमध्ये १९९४ मध्ये रुग्णाच्याच कूर्चापेशी वाढवून परत बसवल्याचं प्रसिद्ध झालं, आणि त्याची पुढची आवृत्ती आज मान्यताप्राप्त उपचार आहे.

त्वचा आणि कूर्चा यांनाच आधी यश का आलं? वाढवलेली बाह्यत्वचा कागदासारखी पातळ असते, आणि कूर्चेत रक्तवाहिन्याच नसतात. पेशीला प्राणवायू लागतो, आणि तो जवळच्या केशवाहिनीपासून साधारण १०० ते २०० मायक्रॉनपर्यंतच पोचतो. म्हणजे मिलिमीटरचा दहावा-पाचवा भाग. त्यापलीकडच्या पेशी गुदमरून मरतात. आमच्या कामातलं यश-अपयश बरंचसं या एका अंतरावर ठरतं. पातळ पापुद्रा वाढवता येतो. नळी वाढवता येते, तिची भिंत पातळ असते. मूत्राशयासारखी पोकळ पिशवीही एकवेळ जमते. भरीव अवयवाशी गाडी अडते.

पिशवीचं यशही जपून वाचायला हवं बरं का. अटालांनी २००६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये सात रुग्णांचे निकाल मांडले आणि जगभर बातम्या झाल्या. नंतर तशाच पद्धतीची दहा मुलांवरची चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात मूत्राशयाची क्षमता अपेक्षेप्रमाणे सुधारली नाही आणि दुष्परिणाम जास्त झाले. त्या निकालाची बातमी तुम्ही वाचली नसेल. मला त्याचं नवल वाटत नाही, पडलेल्या चाचणीचा व्हिडिओ कुणी कशाला बनवेल?

आणि आता किडनी.

एका किडनीत साधारण दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारे सूक्ष्म घटक, असतात. प्रत्येकाच्या टोकाला केशवाहिन्यांचा एक गुंता, ग्लोमेरुलस, आणि त्यापुढे वळणं घेत जाणारी नलिका. हृदयातून निघणाऱ्या रक्तातला जवळपास पाचवा हिस्सा किडन्यांकडे जातो. दोन्ही मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि दीड-दोन लिटर सोडून बाकीचा सगळा परत रक्तात घेतात. किती मीठ ठेवायचं, किती पोटॅशियम सोडायचं, हे नलिकेच्या त्या-त्या टप्प्यावरच्या वेगवेगळ्या पेशी ठरवतात. किडनी एरिथ्रोपोएटिनही सोडते, ज्यावर रक्तातल्या लाल पेशी तयार होतात. जीवनसत्त्व ड तिथेच कामाचं होतं. भावाला डायलिसिसबरोबर हिमोग्लोबिनसाठी इंजेक्शनं लागत असतील, तर त्याचं कारण हेच.

ज्या भिंतीतून रक्त गाळलं जातं, तिचा मधला पडदा सुमारे ३०० नॅनोमीटर जाड असतो. पेशी मिसळलेलं जेल सुईतून सोडणारा नेहमीचा बायोप्रिंटर जी रेघ काढतो, ती साधारण १०० मायक्रॉनच्या पुढची, म्हणजे त्या पडद्याच्या तीनशे पटींहून जाड. किडनीचा बाह्य आकार प्रिंट करणं आज फार कठीण राहिलेलं नाही. पण आकार हे किडनीचं काम नव्हे.

शिवाय पेशी नुसत्या योग्य जागी ठेवून भागत नाही. पायाखालची जमीन कशी आहे हेही त्यांना कळतं. २००६ मध्ये अ‍ॅडम एंग्लर आणि डेनिस डिशर यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला, तो मला आजही थक्क करतो. एकाच प्रकारच्या मूलपेशी (ज्यांच्यापासून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकतात), पोषण तेच, फरक फक्त खालच्या जेलच्या कडकपणात. मेंदूइतक्या मऊ जेलवर पेशी चेतापेशींसारख्या होऊ लागल्या, स्नायूइतक्या कडकपणावर स्नायूंसारख्या, आणि त्याहून कडक जेलवर हाडाच्या वाटेला लागल्या. अशी जमीन किडनीतल्या वीसहून अधिक प्रकारच्या पेशींना जागोजागी वेगळी लागते. जैवसामग्रीचं काम म्हणतात ते हे, आणि ते हळूच होतं.

मग आजवर मजल कुठपर्यंत गेलीय? दोन वाटा सांगते, कारण बातम्या बहुतेक याच दोन वाटांवरून येतात.

पहिली वाट ऑर्गनॉइडची, म्हणजे बशीत वाढवलेल्या अवयवाच्या इवल्याशा नमुन्याची. २०१५ मध्ये मेलिसा लिटल यांच्या ऑस्ट्रेलियातल्या गटाने मूलपेशींपासून किडनीच्या ऊतीचे छोटे गोळे तयार केले. बशीतल्या पडद्यावर काही मिलिमीटरचा पांढुरका ठिपका दिसतो, बस. पण तो रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की हिरव्या-लाल रंगात नेफ्रॉनचे भाग उमटतात. गाळणीची सुरुवात, नलिकेचे तुकडे, सगळं ओळखू येतं. पाहणारा हरखून जातो, मीही जाते. पण ही गर्भावस्थेतल्या किडनीसारखी कोवळी ऊती आहे. तिला स्वतःचा रक्तपुरवठा नाही आणि तयार झालेली लघवी बाहेर जायला वाट नाही. जास्त दिवस ठेवली तर कधीकधी भलत्याच पेशी उगवतात, चेतापेशींसारख्या किंवा कूर्चेच्या. औषधांची विषारीपणाची चाचणी घ्यायला आणि जनुकीय आजार समजून घ्यायला हे ठिपके आत्ताच उपयोगी पडतात. अवयव म्हणून नाही.

दुसरी वाट सांगाडा उसना घेण्याची. प्राण्याच्या किडनीच्या धमनीतून साबणासारखं द्रावण संथपणे सोडत राहायचं. लालसर अवयव हळूहळू फिका पडतो, मग गुलाबी, आणि शेवटी दुधाळ, अर्धपारदर्शक होतो. पेशी धुऊन गेलेल्या असतात आणि उरतं ते कोलॅजनचं जाळं, वाहिन्यांच्या मूळ फांद्यांसकट. २०१३ मध्ये हॅरल्ड ऑट यांच्या बोस्टनमधल्या गटाने उंदराच्या किडनीचा असा सांगाडा घेतला. धमनीतून वाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी भरल्या, मूत्रवाहिनीतून किडनीच्या पेशी भरल्या, आणि ती उंदरात जोडली. लघवी तयार झाली! पण काम खऱ्या किडनीच्या मानाने फारच थोडं होतं. अडचण अशी, की एकूण एक केशवाहिनीला आतून अखंड अस्तर हवं. जिथे ते सुटतं तिथे उघड्या कोलॅजनवर रक्त गोठतं. माणसाच्या किडनीएवढ्या पसाऱ्यात हे साधणं अजून कुणाला जमलेलं नाही.

ज्यांनी घाई केली त्यांची गोष्टही भावाला ठाऊक असू द्या. श्वासनलिका ही नळी, किडनीपेक्षा कितीतरी सोपी. पाओलो मकियारिनी या शल्यचिकित्सकाने २०११ मध्ये स्वीडनमध्ये प्लास्टिकच्या नळीवर रुग्णाच्या मूलपेशी शिंपडून ती रुग्णात बसवली, आणि जगाने टाळ्या वाजवल्या. पुढे असे प्लास्टिकचे सांगाडे बसवलेले बहुतेक रुग्ण दगावले. लेख मागे घेण्यात आले. २०२३ मध्ये स्वीडनच्या अपील न्यायालयाने मकियारिनींना अडीच वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा दिली. त्या रुग्णांनाही 'तुमच्याच पेशींचा अवयव' असंच सांगितलं गेलं होतं.

एवढं वाचून भाऊ म्हणेल, मग तुम्ही लोक इतकी वर्षं करता काय? त्याला म्हणावं, डायलिसिसच्या खुर्चीवर बसल्या बसल्या शेजारच्या यंत्रावरचा डायलायझर बघ. त्या नळकांड्यात सुमारे दहा हजार पोकळ तंतू असतात, प्रत्येकाची आतली पोकळी साधारण २०० मायक्रॉन. त्यांच्या भिंतीला अशी छिद्रं असतात की युरिया निघून जावा आणि रक्तातली मोठी प्रथिनं राहावीत. पसरला तर पडदा दीड-दोन चौरस मीटर भरतो. १९४०च्या दशकात नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ यांनी पहिलं यंत्र बनवलं तेव्हा सेलोफेनची नळी लाकडी पिंपाला गुंडाळली होती. पुढे सेल्युलोजचे पडदे आले, पण त्यांना रक्त लागलं की शरीराची संरक्षण यंत्रणा चिडायची. आज वापरात असलेले पॉलिसल्फोनसारखे कृत्रिम पडदे त्या मानाने पुष्कळ शांत आहेत. कुणाच्या व्हिडिओत न येणारं हे जैवसामग्रीचं काम आठवड्यातून तीनदा तुमच्या भावाचं रक्त धुतं.

आणि ऊती अभियांत्रिकी त्याच्यापर्यंत पोचलीच, तर आधी किडनी म्हणून नव्हे, हातातली रक्तवाहिनी म्हणून पोचेल असा माझा अंदाज. फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडून केलेला मार्ग, निकामी झाला की कृत्रिम नळी घालावी लागते, आणि ती तुंबते, तिला संसर्ग होतो. लॉरा निकलासन यांनी दोन दशकांहून जास्त काळ एका कल्पनेवर काम केलं. विरणाऱ्या जाळीच्या नळीवर दात्याच्या स्नायूपेशी वाढवायच्या, त्यांनी कोलॅजनची भिंत बांधली की पेशी धुऊन टाकायच्या. उरते ती कुणालाही चालणारी, तयार ठेवता येणारी ६ मिलिमीटर व्यासाची वाहिनी. हातापायाच्या गंभीर जखमांसाठी तिला डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. डायलिसिसच्या रुग्णांमध्येही तिच्या चाचण्या झाल्या आहेत. पहिल्या यशस्वी प्रयोगापासून मान्यतेपर्यंत पाव शतक गेलं, आणि ही साधी नळी होती. किडनीचा हिशेब यावरून ज्याचा त्याने करावा.

डुकराच्या किडनीच्या बातम्याही त्याने पाहिल्या असतील. तो प्रकार वेगळा आहे. तिथे अवयव बनवत नाहीत, जनुकं बदललेल्या डुकराचा घेतात. मार्च २०२४ मध्ये बोस्टनमध्ये ६९ जनुकीय बदल केलेली किडनी एका जिवंत रुग्णाला बसवली. तो घरी गेला, पण सुमारे दोन महिन्यांनी वारला. प्रत्यारोपणामुळे तसं झाल्याची चिन्हं नाहीत, असं रुग्णालयाने सांगितलं. नंतरच्या काहींची किडनी काही महिने चालून काढावी लागली. रीतसर चाचण्या सुरू झाल्या आहेत. माणसाच्या किडनीला हा पर्याय आधी उभा राहील असं मला वाटतं. पण गोळ्या त्यातही सुटत नाहीत, आणि जुळणारी बहीण तयार असताना डुकराच्या किडनीच्या रांगेत कशाला उभं राहायचं?

मूलपेशींच्या इंजेक्शनांबद्दल मात्र मी सौम्यपणे लिहिणार नाही. निकामी झालेली किडनी इंजेक्शनाने परत चालू करणारा कोणताही सिद्ध उपचार नाही. २०१० मध्ये थायलंडमधल्या एका स्त्रीची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात आली. ल्युपसने, म्हणजे शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःवरच उलटते त्या आजाराने, तिच्या किडन्या खराब झाल्या होत्या. तिच्याच रक्तातून वेगळ्या केलेल्या मूलपेशी किडनीत टोचल्या. तिथे रक्तवाहिन्यांच्या आणि अस्थिमज्जेसारख्या ऊतीच्या गाठी वाढल्या, किडनी काढावी लागली, आणि पुढे संसर्गाने ती स्त्री गेली. पेशी स्वतःच्या होत्या तरीही हे झालं. दुसऱ्या कुणाच्या पेशी टोचल्या तर आणखी एक धोका असतो. शरीर त्या पेशींवरच्या परक्या खुणांविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे हल्ला करणारी प्रथिनं, तयार करू शकतं, आणि तशाच खुणा तुमच्या ऊतींवर असतील तर आज जुळलेली क्रॉसमॅच उद्या बिघडू शकते. म्हणजे नसलेल्या उपचारापायी असलेला उपचार जाईल. कुणी 'चाचणी' म्हणून पैसे मागत असेल, तर तिथूनच मागे फिरा. प्रयोगात भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घेणं हीच धोक्याची खूण आहे.

आता भावाशी बोलण्याबद्दल. तुमचं पत्र वाचून मला वाटतं, व्हिडिओ हे निमित्त आहे. 'तुला कापायचं कशाला' हे त्याचं खरं वाक्य आहे. त्याला विज्ञान कितीही पटवलंत तरी ती भीती जागेवरच राहील. म्हणून तिला थेट उत्तर द्या, खऱ्या आकड्यांनी. दात्याचा शस्त्रक्रियेमुळे मृत्यू होण्याचं प्रमाण अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात दर दहा हजारांत सुमारे तीन होतं. उरलेली किडनी काम वाढवते, आणि काही महिन्यांत एकूण क्षमता आधीच्या साधारण दोन तृतीयांशापर्यंत स्थिरावते. पुढे आयुष्यात स्वतःची किडनी निकामी होण्याचा धोका दात्यांमध्ये तितक्याच निरोगी, किडनी न दिलेल्या माणसांपेक्षा जास्त असतो, हे लपवू नका. पण तो मुळात लहान आहे. एका मोठ्या अभ्यासातला अंदाज दात्यांमध्ये आयुष्यभरात दहा हजारांत ९० आणि न दिलेल्यांमध्ये १४ असा होता. तुम्हालाही हे आकडे वाचून मागे यावंसं वाटलं, तर तो तुमचा हक्क आहे. दात्याशी स्वतंत्रपणे, रुग्णाच्या डॉक्टरांना बाजूला ठेवून बोलणारा डॉक्टर मिळायला हवा. तसा मागून घ्या, आणि तुमची हरकत नसेल तर एका भेटीला भावाला सोबत न्या. धोका किती हे त्याने तुमच्याकडून नव्हे, परक्या माणसाकडून ऐकलेलं बरं.

बोस्टनमध्ये २३ डिसेंबर १९५४ रोजी झालेलं पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण दोन जुळ्या भावांमध्येच झालं होतं. घेणारा आठ वर्षं जगला. देणारा २०१० पर्यंत, म्हणजे त्यानंतर ५६ वर्षं.

आणि मग त्याला नेफ्रॉलॉजिस्टना एकच प्रश्न विचारायला लावा: 'मी तीन वर्षं थांबलो तर काय जाईल?' उत्तरात बरंच येईल. डायलिसिसवर जितका काळ जास्त, तितका पुढच्या प्रत्यारोपणाचा निकाल घसरतो, हे पुन्हा पुन्हा दिसलंय. हृदयाच्या वाहिन्यांत कॅल्शियम साचत जातं, फिस्टुलाच्या जागा संपत जातात. एक गोष्ट मात्र ते सांगतीलच असं नाही, म्हणून मी सांगते. तीन वर्षं फक्त त्याची जाणार नाहीत, तुमचीही जातील. आज तुमचं रक्तदाब आणि साखर ठीक आहे. त्यातलं काही बिघडलं तर तुम्ही दाता म्हणून बाद व्हाल, आणि तेव्हा प्रयोगशाळेतली किडनीही नसेल आणि तुमचीही नसेल.

गोळ्यांचं त्याचं म्हणणं मात्र खोटं नाही. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कायमची घ्यावी लागतात, संसर्गाचा आणि काही कर्करोगांचा धोका वाढतो. स्वतःच्या पेशींची किडनी झाली तर हे सुटेल, म्हणून तर आम्ही सगळे तिच्यामागे आहोत.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. प्रत्यारोपणात सहसा जुन्या किडन्या काढत नाहीत. नवी किडनी खाली ओटीपोटात एका बाजूला, पायाकडे जाणाऱ्या मोठ्या वाहिन्यांना जोडतात. जिवंत दात्याची किडनी सरासरी १५ ते २० वर्षं चालते, मग गरज पडली तर दुसरं प्रत्यारोपण होतं, काहींचं तिसरंही होतं. पहिल्यानंतर शरीरात दात्याच्या खुणांविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात आणि पुढचा जुळणारा दाता शोधणं कठीण जातं, ही अडचण खरी आहे. पण भाऊ ज्या किडनीची वाट बघतोय ती त्याच्याच पेशींची असणार ना? मग तिच्यावर खुणाही त्याच्याच असतील, आणि तुमच्या ऊतींविरुद्धची प्रतिपिंडं तिला ओळखणारही नाहीत. ती किडनी कधी आलीच, तर तुमच्या किडनीमुळे तिचा रस्ता बंद होत नाही. उलट तोवर पोचायला लागणारी वर्षं त्याला तुमची किडनी देईल.

पुढच्या भेटीत रुग्णालयातल्या प्रत्यारोपण समन्वयकाला दोन गोष्टी विचारा. तुमच्या झालेल्या तपासण्या किती महिने ग्राह्य धरतात, आणि क्रॉसमॅच शस्त्रक्रियेआधी पुन्हा कधी करतात. मधल्या काळात भावाला रक्त चढवायची वेळ आली, तर तेही त्यांना लगेच कळवा, कारण त्यानेही प्रतिपिंडं वाढू शकतात.